इंगळेमळा स्टेशनवरचं कुलूप

बार्शी
१० फेब्रुवारी २०२५

प्रिय आक्का,
जयभीम.

फोनवर आपलं बोलणं भांडणाशिवाय होत नाही. परवा तर तू मधेच फोन ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. कागदावर तरी माझं शेवटपर्यंत ऐकून घेशील.

सकाळी कॉलेजात शिपाई पेपर घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "शिवशरण साहेब, ह्या तुमच्या कोण?" आतल्या पानावर चौकट होती. 'इंगळेमळा स्टेशनवर महिलेने दगडाने कुलूप फोडले, रेल्वे पोलिसांत गुन्हा.' खाली तुझं पूर्ण नाव. सासरचं नाव लावलं असतंस तर कुणाला कळलंही नसतं. पण दाजी गेल्यावर तू माहेरचं नाव लावायला लागलीस आणि आता अख्खं ऑफिस मला विचारतंय.

आक्का, तू अठ्ठेचाळीस वर्षांची बाई आहेस. गणवेशाच्या कारखान्यात दहाबारा बायका तुझ्या हाताखाली कापड कापतात. रोज पॅसेंजरने सोलापूरला जाणारी, वेळेवर येणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मग त्या दिवशी काय अंगात आलं? बायकांच्या संडासाला कुलूप होतं, कळलं मला. तक्रारपुस्तक असतं, अर्ज करता येतो, मी लिहून दिला असता. दगड कशाला उचलायचा? आणि पेपरात आपलं आडनाव आलं, आपल्या वस्तीचं नाव आलं की लोक त्याचा काय अर्थ काढतात ते तुला मी सांगायला नको.

आमचे अधीक्षक जूनमध्ये निवृत्त होतायत. ती जागा माझी आहे. एवढंच लिहितो.

आई फोनवर का येत नाही? तीनदा विचारलं, तीनदा तू "झोपलीय" म्हणालीस.

तुझा,
नवनाथ

*

इंगळेमळा, सोलापूर
१३ फेब्रुवारी

नवनाथ,
जयभीम.

फोन मी ठेवला नाही, आपटला. नीट लिहीत जा.

तू स्टेशनात शेवटचा कधी उतरलास? एसटीने येतोस आणि एसटीने जातोस, म्हणून सांगते. आपलं इंगळेमळा आता ओळखू येणार नाही. भिंतींवर चादरीची नक्षी रंगवलीय, लाल-हिरवी मोरांची. फोटो काढायला एक मोठा गोल उभा केलाय, त्यात बसून पोरं फोटो काढतात. आणि तिकीटखिडकीशेजारी काळ्या दगडाचा फलक लावलाय. वर 'स्टेशनचा इतिहास'. कोणत्या साली गिरणीसाठी इथं गाडी थांबायला लागली, फलाटाचं उद्घाटन कोणत्या साहेबाने केलं, पूल कधी बांधला. खाली 'उपलब्ध सुविधा'. पिण्याचे पाणी, प्रतीक्षालय, महिला प्रसाधनगृह, मोफत इंटरनेट.

त्यातलं इंटरनेट आहे. ते चालतं.

प्रसाधनगृह बांधून तयार आहे. आत निळी फरशी आहे, मी बांधताना पाहिलीय. त्याला दिवाळीच्या आधीपासून कुलूप आहे, कारण देखभालीचं कंत्राट ज्याच्याकडे आहे त्या गुरुसिद्धप्पाने आत आपले रंगाचे डबे, सिमेंट आणि मोडक्या खुर्च्या ठेवल्यात. त्याला गोदाम भाड्याने घ्यायचं नाही, म्हणून. तक्रारपुस्तकाचं म्हणशील तर माझ्याच अक्षरातल्या चार तक्रारी आहेत. स्टेशन मास्तर चांगले आहेत, प्रत्येक वेळी म्हणाले, "वर कळवलंय."

पॅसेंजर उशिरा आली की आम्ही बायका काय करतो विचार तुझ्या बायकोला. पुरुष रुळांपलीकडे बाभळीत जातात. आमच्यासाठी बाभळी पण नाहीत, त्यांच्या अगदी समोर आता चहाच्या टपऱ्या झाल्यात.

त्या दिवशी गाडीला लई उशीर झाला. गर्दी होती. मला राग आला, रुळाशेजारच्या खडीतला एक दगड घेतला आणि कुलूप फोडलं. एवढंच आहे. दोन ठोक्यांत तुटलं नाही, बरेच ठोके लागले. कुणी अडवलं नाही, हे पेपरात आलं नाही.

आईच्या पायाला बरं नाही म्हणून ती घराबाहेर पडत नाही. काळजी करू नको.

आक्का

*

बार्शी
२० फेब्रुवारी

प्रिय आक्का,

तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचलं. तुझं म्हणणं चुकीचं आहे असं मी म्हणतच नाही. म्हणणं बरोबर असलं तरी माणसाचं वाटोळं होतं, हे आपल्या घरात तुला मी सांगावं का?

अण्णांचं आठवतं ना? ट्रॅकवर काम करणारा साधा माणूस. उन्हात पाण्याचा कॅन आला नाही म्हणून साहेबाला सगळ्यांसमोर बोलले. बोललेलं खरंच होतं. बदली झाली पार कर्नाटकात, तीन वर्षं. तू नववीत शाळा सोडलीस ती त्याच वर्षी. आईने लोकांच्या शेंगा फोडल्या. मी तेव्हा ठरवलं, आपण खाली मान घालून शिकायचं आणि खाली मान घालून नोकरी करायची. तू मला भित्रा म्हणतेस. असेन. पण मी भित्रा राहिलो म्हणून ह्या घरात एक पगार नियमित आला.

मी एका ओळखीच्या वकिलाला विचारलं. रेल्वेच्या मालमत्तेचं नुकसान म्हणजे केस कोर्टात जाते. पण तू 'चूक झाली, पुन्हा होणार नाही' असं लिहून दिलंस तर वरच्या ऑफिसात मिटेल. दोन ओळी आहेत, आक्का. सोबत लिहून पाठवतो आहे. तू फक्त सही कर.

आईला दवाखान्यात नेलंस का? शुगर तपासायची तारीख पंधरवड्यापूर्वीच होऊन गेली. पायाला काय झालंय नेमकं? तू काहीतरी लपवतेस असं मला वाटतं.

नवनाथ

*

इंगळेमळा
२७ फेब्रुवारी

नवनाथ,

तुझा कागद परत पाठवते आहे. मागची बाजू कोरी होती, तिच्यावर मी बाहीचं माप काढलं, त्याबद्दल माफ कर.

अण्णांचं नाव घेतलंस म्हणून सांगते. मी शाळा सोडली त्याचं मला दुःख आहे. पण त्यासाठी मी अण्णांना कधी दोष दिला नाही. ज्याने तहानलेल्या माणसांना पाणी दिलं नाही त्याला दिला. तू तीच गोष्ट पाहिलीस आणि उलटी शिकलास.

आता इथलं ऐक. मी कुलूप फोडल्यावर तीन दिवस खोली उघडी होती. बायकांनी आतले डबे एका कोपऱ्यात नीट रचले, फरशी धुतली, दारावर खडूने 'उघडे आहे' लिहिलं. चौथ्या दिवशी गुरुसिद्धप्पाने नवीन कुलूप लावलं, आधीपेक्षा मोठं. मी पुन्हा फोडेन असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. पण मग माझ्याच गाडीने जाणाऱ्या टॉवेलच्या कारखान्यातल्या बायकांनी वेगळंच काढलं. म्हणाल्या, संडासासमोर काय करतात? रांग लावतात. तर आम्ही रांग लावतो. रोज सकाळी, पॅसेंजर येईपर्यंत, बंद दारासमोर एकीमागे एक उभ्या राहतो. घोषणा नाही, बोर्ड नाही. कुणी विचारलं की सांगायचं, "नंबर लावलाय." पहिल्या दिवशी आम्ही सात होतो. आता रांग फोटोच्या त्या गोलापर्यंत जाते, आणि पोरांच्या फोटोत मागे आम्ही येतो.

परवा गुरुसिद्धप्पा घरी आला. पेढे घेऊन. चहा घेतला. मग खिशातून एक किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली.

"ताई, ही तुमच्यासाठी. तुम्ही आणि तुमच्या आई, कधीही वापरा. माझं सामान तेवढं राहू द्या आत. पावसाळ्यापर्यंत. कशाला भांडायचं?"

मी म्हटलं, "बाकीच्या?"

"बाकीच्यांचं काय एवढं. तुमचा प्रश्न सुटला की."

आई आतल्या खोलीत होती. तिने ऐकलं असणार. मी ती किल्ली पेढ्यांच्या बॉक्समध्ये टाकली आणि बॉक्स त्याच्या हातात दिला. "गुरुसिद्धप्पा, रांगेत माझा नंबर तिसरा असतो. आधीच्या दोघी जाऊन आल्या की मी जाईन."

तो गेला. जाताना "बघा मग" म्हणाला. बघते म्हटलं.

सही करणार नाही. आई ठीक आहे.

आक्का

*

बार्शी
६ मार्च

प्रिय आक्का,

पत्र मिळालं. तू काही करू नकोस. रांगही काही दिवस थांबव. मी माझ्या परीने मिटवतो आहे. तुला कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही, एवढं नक्की. कसं, ते विचारू नकोस.

आईला नमस्कार.

नवनाथ

*

इंगळेमळा
१५ मार्च

नवनाथ,

ह्या वेळी जयभीम लिहीत नाही. लिहायची इच्छा होईना.

आज सकाळी रांगेत उभी होते. स्टेशन मास्तर स्वतः बाहेर आले, मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात, इतक्या मायेने बोलले की मला आधी कळेचना. "ताई, तुमच्या भावाचा अर्ज आलाय वरच्या ऑफिसात. औषधं वेळेवर घेत जा. असं होतं कधी कधी, नवरा गेल्यावर एकट्या बाईच्या मनावर परिणाम होतो. साहेब सहानुभूतीने विचार करणार आहेत."

मी म्हटलं, कसली औषधं?

त्यांनी मला त्या अर्जाची वरून आलेली प्रत दाखवली. तुझंच अक्षर, एकाखाली एक नीट ओळी. 'माझी बहीण गेली काही वर्षे मानसिक तणावाखाली असून तिचे वागणे तिच्या ताब्यात नसते. सदर कृत्य तिने भ्रमिष्ट अवस्थेत केले असल्याने तिला क्षमा व्हावी.'

भ्रमिष्ट.

माझ्यामागे चाळीस बायका उभ्या होत्या. त्यातल्या दोघी-तिघींनी ऐकलं. मी कामावर गेले आणि दिवसभर टेबलावर शर्टांचे पुढचे भाग कापत राहिले. एकही माप चुकलं नाही. मुद्दाम मोजून बघितलं, की खरंच मला काही झालंय का.

मला चोर म्हणाला असतास तर चाललं असतं. गुंड म्हण, पुढारी व्हायचंय म्हण. पण मी जे केलं ते माझ्या पूर्ण शुद्धीत केलं, उभ्या आयुष्यात मी इतकी शुद्धीवर कधी नव्हते. तेच तू माझ्याकडून काढून घेतलंस. बायको, बहीण, आई, कुणीही आवाज चढवला की तिचं डोकं फिरलंय म्हणायचं, ही पुरुषांची जुनी सोय आहे. ती माझा भाऊ वापरेल असं वाटलं नव्हतं.

मी सोमवारी त्याच ऑफिसात जाऊन लिहून देणार आहे की माझं डोकं ठिकाणावर आहे आणि मला कोर्टात उभं राहायचं आहे.

मला पत्र लिहू नको.

कीर्ती

*

इंगळेमळा
१८ मार्च

चि. नवनाथ यास तुजी आय येसूबाई हिचा आशीर्वाद.

ही माजी मी लिवतीया. साक्षरतेच्या वर्गात शिकल्याली, त्यामुळं चुका हुतील, समजून घे. कीर्ती कामावर गेलीया. तिला म्हाईत न्हाय मी लिवतीया ते.

तू तिला येडी म्हनलास. ती दोन दिस जेवली न्हाय. म्हून आता मला बोलाय पायजे. मी तिला माज्या गळ्याची आन घातली व्हती, नवनाथाला सांगू नको म्हून. लाज वाटत व्हती मला. लेकाला कसं सांगायचं.

त्या दिवशी आमी दवाखान्याला निगालो व्हतो. शुगरमुळं मला घडीघडीला जावं लागतंय. गाडी येईना. मी कीर्तीला म्हनलं, मला जायाचं हाय. ती कुलूप बगून आली. मास्तरकडं गेली. किल्ली मागाय मानूस धाडला, त्यो आला न्हाय. मी लई येळ दम धरला. बाकावर मांडी आवळून बसले. मग उटले पूल चडून पलीकडं जावं म्हून, आन् दुसऱ्या पायरीवर माज्याच्यानं राहवलं न्हाय. लुगडं समदं भिजलं. फलाट भरून मानसं. येक पोरगं हसलं. तिकडं सायेब लोक भिंतीचे फोटू काडत व्हते.

कीर्तीनं आपली ओडनी माज्या कमरंला बांदली. मला बायांच्या मदी बसवलं. मग खाली उतरली आन् दगूड घेतला.

माज्या पायाला काय झालं न्हाय. त्या दिसापास्नं मी भाईर पडले न्हाय, येवढंच.

आता दुसरं सांगते. त्यो फलाट हाय न्हवं, त्यो आमी बांदलाय. भात्तरच्या दुष्काळात. मी नवी नवरी, ईस वर्साची बी न्हवते. खडी फोडायचं काम निगालं, आमच्या वस्तीच्या बाया, मंद्रूपकडच्या बाया, सांगोल्याकडनं आल्याल्या बाया, समद्या हितं बसून खडी फोडायचो. हाताला फोड आलं, फुटलं, परत आलं. भिंतीवरच्या दगडात ते लिवल्यालं न्हाय. मी वाचून बगितलं, येक येक अक्षर. त्यात आमी न्हाय, सायेब हाय.

पन येक ध्यानात ठेव. त्या टायमाला बी मुकादमानं बायांसाटी बारदानाचा आडोसा बांदला व्हता. चार बांबू आन् बारदान. खायाला सुकडी व्हती, प्यायाला पानी न्हवतं, पन आडोसा व्हता. आता निळी फरशी हाय आन् तिला कुलूप हाय.

तुजा बाप खरं बोलला म्हून तीन वर्सं लांब ऱ्हायला. त्येची मला कवा लाज वाटली न्हाय. लाज मला ह्या फेब्रुवारीत वाटली, आन् ती बी माजी न्हवती, दुसऱ्याची मी अंगावर घेतली. आता घेनार न्हाय. कीर्तीला मी सांगनार हाय की कोडतात बी सांग, माज्या आयचं लुगडं भिजलं म्हून सांग, नाव घिऊन सांग.

तुला जे करायचं ते कर. पन तिला येडी म्हनू नको. यवडं शानं मानूस आपल्या घरात दुसरं न्हाय.

तुजी आय
येसूबाई त्रिंबक शिवशरण

*

बार्शी
२५ मार्च

आई आणि आक्का,
जयभीम.

आक्का, तू लिहू नको म्हणालीस. हे पत्र आईच्या नावाने आहे, तू वाचलं नाहीस तर तिला वाचता येतं.

आईचं पत्र मला कॉलेजात मिळालं. रेकॉर्डरूमचं दार लावून घेतलं आणि तिथंच बसून राहिलो. आमच्याकडे एक चन्नप्पा म्हणून जुना शिपाई आहे. त्याने दार ठोठावलं, "साहेब, काय झालं?" म्हणाला. मी सांगितलं. कसं सांगितलं माहीत नाही, पण आईचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग तुमी हितं काय करताय?"

दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी धरून सोलापूरला आलो. वरच्या ऑफिसात गेलो. ज्या साहेबांनी माझा अर्ज घेतला होता तेच होते. मी म्हटलं, अर्ज मागे घ्यायचा आहे, त्यातला मजकूर खोटा आहे.

"म्हणजे तुमच्या बहिणीने लिहून दिलंय तेच खरं, ती आजारी नाही?"

"नाही."

"शिवशरण, तुम्ही नोकरदार माणूस. कळतंय ना काय बोलताय? मग हे प्रकरण सरळ कोर्टात जाईल. आणि खोटा अर्ज दिलात म्हणून तुमच्या कॉलेजला कळवावं लागेल."

"कळवा. पत्ता अर्जावर आहे."

आक्का, मी भ्यालो होतो, हे तुला सांगायला हरकत नाही. पण आवाज थरथरला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी टेबलाच्या ह्या बाजूला मान वर करून उभा होतो, आणि छत पडलं नाही.

त्यांनी कळवायच्या आधी मीच प्राचार्यांना जाऊन सांगितलं. ते "बघू" म्हणाले. त्या बघूचा अर्थ मला कळतो. अधीक्षकाची जागा जाईल बहुतेक. जाऊ दे. तुझ्या भाषेत सांगायचं तर, बघतो.

अजून एक. त्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी मी इंगळेमळ्यात आलो होतो. पुलावर उभा होतो. तू रांगेत तिसरी होतीस. माझी तुझ्यासमोर यायची हिंमत झाली नाही. पण मी वरून सगळी रांग पाहिली आणि मग आईने सांगितलेली ती दुसरी पायरी पाहिली. तिच्यावर पाय न ठेवता उतरलो.

तारीख पडली की कळव. मी येईन. अर्ज घेऊन नाही, नुसता येईन.

नवनाथ

*

इंगळेमळा
२४ एप्रिल

प्रिय नवनाथ,
जयभीम.

परवा कोर्टातून तू घाईने एसटी गाठलीस, नीट बोलणं झालं नाही. आत गर्दी म्हणून तू आईला घेऊन बाहेर व्हरांड्यात बसला होतास, त्यामुळे आत काय झालं ते तुला तुकड्यातुकड्यांनी कळलं असणार. म्हणून सगळं लिहिते.

बायका खाडा करून आल्या होत्या ते तू पाहिलंस. शिपाई सारखा त्यांना गप्प बसा म्हणत होता, आणि त्या गप्पच होत्या. मॅजिस्ट्रेट बाई होत्या, चाळिशीच्या. माझं नाव पुकारलं.

"कुलूप तुम्ही फोडलं?"

"हो मॅडम. मीच फोडलं."

"गुन्हा कबूल आहे?"

"कुलूप फोडल्याचं कबूल आहे. गुन्हा केल्याचं नाही."

रेल्वेचे वकील काही बोलायला उठले, बाईंनी त्यांना हाताने बसवलं. मला म्हणाल्या, "समजावून सांगा."

मी म्हटलं, स्टेशनात फलक आहे. त्यावर लिहिलंय, महिला प्रसाधनगृह उपलब्ध. माझ्या आईला गरज होती. तिचं नाव येसूबाई त्रिंबक शिवशरण. तिने तो फलाट बांधायला खडी फोडलीय. त्या फलाटाच्या पुलावर, सगळ्यांदेखत तिचं लुगडं भिजलं. उपलब्ध म्हणून लिहिलेली खोली उपलब्ध नव्हती, म्हणून मी उपलब्ध करून घेतली.

हे सगळ्यांसमोर बोलायचं, ते मी आईला आधी विचारलेलं होतं. मागे कुणीतरी रडलं. मी रडले नाही.

वकील म्हणाले, दुरुस्तीचं काम चालू असल्यामुळे तात्पुरतं बंद होतं.

"कसली दुरुस्ती?" त्यांनी कागद चाळले. बाईंनी विचारलं, "ती खोली आज उघडी आहे?"

"माहिती घेऊन सांगतो."

"घ्या. स्टेशनला फोन लावा. जेवणाच्या सुट्टीनंतर मला उत्तर पाहिजे."

मग माझ्याकडे वळून विचारलं, "केल्याचा पश्चात्ताप होतो?"

"नाही मॅडम."

"परत असं कराल?"

मी खोटं बोलू शकले असते. तुझ्या त्या दोन ओळी आठवल्या सुद्धा. पण म्हटलं, "वेळ येऊ नये. आली तर करेन."

त्यांनी बराच वेळ लिहिलं. वर न बघता सांगितलं की कुलूप फोडणं हा मार्ग नाही, कायद्याने ते नुकसानच आहे, म्हणून कोर्ट उठेपर्यंत इथंच बसून राहायची शिक्षा, आणि कुलपाची किंमत भरायची. मी म्हटलं, "मॅडम, किंमत भरते. पण मग कुलूप माझं झालं. ते मी कुठल्या दाराला लावू देणार नाही." सगळं कोर्ट हसलं. बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे नीट पाहिलं.

आणि मग ते बसणं. गणवेश कापायला उभी राहणारी मी, दिवसभर कधी एका जागी बसत नाही. तू आईला आत घेऊन आलास आणि माझ्या शेजारी बसलास. तुला कुणी शिक्षा दिली नव्हती. शिपाई म्हणाला, "तुमी जा की साहेब," आणि तू "आम्ही एकाच केसमधले" म्हणालास, ते मी ऐकलं. ऐकलं नाही असं दाखवलं, कारण तिथं मला रडायचं नव्हतं. तुझ्यावर माझा राग अजून थोडा आहे. तो राहू दे, हळूहळू जाईल.

जेवणानंतर वकिलांनी सांगितलं, खोली उघडली आहे, सामान हलवलं आहे. एका फोनवर. सहा महिने अडलेलं काम एका फोनवर झालं. बाईंनी ते लिहून घेतलं आणि उघडीच राहील असं त्यांच्याकडून सहीनिशी घेतलं.

काल सकाळी आईला म्हटलं, दवाखान्याची तारीख आहे, येतेस का? मला वाटलं नाही म्हणेल. तिने हिरवं लुगडं काढलं, काखेला गाठोडं नाही की हातात काठी नाही, माझ्या पुढे चालायला लागली. पूल चढली. दुसऱ्या पायरीवर थांबली नाही.

फलाटावर आमच्या बायका होत्या, पण रांग नव्हती. दार उघडं. आई आत गेली, आली, हात धुतले, पदराला पुसले आणि दाराशेजारच्या बाकावर बसली. गाडीला उशीर होता. कडेवर लेकरू घेतलेली एक पोरगी आली, अक्कलकोटकडची असावी, बोलण्यात कानडी हेल होता. दाराकडे बघून घुटमळली. आईला विचारलं, "आजी, आत जायाला चालतंय? किल्ली कुणाकडं असते?"

"किल्ली न्हाय," आई म्हणाली. "जा बिनधास."

"कधीपासून उघडलंय हे? मागं आले तेव्हा बंद होतं."

आईने तिच्या कडेवरचं लेकरू आपल्या मांडीवर घेतलं.

"कालपास्नं म्हनत्यात. पर ते भात्तर सालापास्नंच उगडं असाय पायजे व्हतं. जा तू, मी हितं बसलीया."

तुझी,
आक्का